हलू नका

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत, पिठाच्या गिरणीला लागून चांगदेव रोकडे याचा फोटो स्टुडिओ होता. नाव ठेवलेलं 'विश्वदर्शन'. नाव ऐकून कुणालाही वाटावं, की हा माणूस जग फिरून आलेला असणार. पण चांगदेव इगतपुरीच्या पलीकडे कधी गेला नव्हता. इगतपुरीलासुद्धा तो मावसभावाच्या लग्नासाठी गेला, आणि तिथंही दिवसभर दुसऱ्यांचे फोटोच काढत बसला.

जग मात्र त्याच्याकडे होतं, बांबूंना गुंडाळून आढ्याला टांगलेलं. गिऱ्हाईक आलं की फणी आणि आरसा त्याच्या हातात देत चांगदेव विचारायचा, "बोला, कुठली सीनरी लावू?" मग दोरी सैल सुटायची आणि वरून खाली यायचा ताजमहाल, नाहीतर नायगाराचा धबधबा, नाहीतर पॅरिसचा मनोरा, नाहीतर स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर. इजिप्तचे पिरॅमिडही होते, पण ते कुणी फारसं मागत नसे. लग्नाच्या मुलींना त्यात उदास वाटायचं.

हे सगळे पडदे त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेले. समोर नमुना काय, तर जुनी कॅलेंडरं, बिस्किटांच्या डब्यांची झाकणं आणि कुणाकडे आलेली भेटकार्डं. त्यात जे नीट दिसत नसे, ते तो आजूबाजूला बघून भरून काढी. झाकणावरचं स्वित्झर्लंड फारच बारीक निघालं, तेव्हा तो सरळ गच्चीवर गेला. समोर मलंगगड दिसत होता. त्याचाच आकार उचलला, वर भरपूर पांढरा रंग थापला, आणि झालं स्वित्झर्लंड. पिरॅमिड म्हणजे ठाण्याच्या खाडीकडच्या मिठागरातल्या मिठाच्या राशी होत्या, फक्त मातकट रंगातल्या. नायगारा हा खडवलीच्या भातसा नदीचा, श्रावणात खडकांवरून उड्या टाकणारा. पॅरिसच्या मनोऱ्याची लोखंडी जाळी काही केल्या जमेना, म्हणून पडघ्याकडे गेलेल्या विजेच्या तारांच्या एका मनोऱ्याखाली हा गवतात उताणा पडून राहिला आणि ती नजरेत साठवून घेऊन आला. असं अख्खं जग त्याने कल्याणच्या पंचक्रोशीतच गोळा केलं होतं.

लोक काही कमी बेरकी नव्हते. एकदा कोलशेतचा धाकू कोळी बायकोमुलींना घेऊन आला. त्याची बायको शेवंती पॅरिसच्या मनोऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यो टावर पडघ्याचा नं?"

"पॅरिसचा आहे, ताई. फ्रान्समधला."

"मंग त्याच्या तारा कुठं गेल्या?"

चांगदेव हसून हसून बेजार झाला. शेवटी धाकूच्या मुलीचा, मालूचा, फोटो स्वित्झर्लंडपुढे निघाला. तो फोटो बघून मुलाकडच्यांनी विचारलं म्हणे, की मुलगी परदेशात कधी जाऊन आली? ते लग्न जमलं. मालू चांगली दिसायला, कामाला वाघ, घरात चार माणसं बरी, जमणारच होतं. पण ही सोयरीक आपल्या डोंगराने जुळवली असं चांगदेव पुढे कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

माणूस तसा बडबड्या. दिव्यांच्या छत्र्या इकडेतिकडे सरकवताना त्याचं तोंड एकसारखं चालू असायचं. हनुवटी जरा वर, खांदा किंचित तिरका, बाळाच्या नाकातलं पुसा, वहिनी हसा ना, भाऊंनी काय भांडून आणलंय का. आणि मग अगदी शेवटी, आवाज एकदम खाली आणून, "हलू नका." त्यानंतर गिरणीचा पट्टासुद्धा थांबल्यासारखा वाटायचा. फोटो हलणं हे त्याच्या लेखी पापच होतं. हललेला फोटो त्याने गिऱ्हाइकाच्या हातात कधी दिला नाही. फाडून टाकायचा आणि माणसाला परत बोलवायचा, मग त्यात रोल वाया जावो नाहीतर दिवस.

घर स्टुडिओच्या मागेच. तिथं त्याची बायको मंजुळा आणि आई मीराबाई. मीराबाईची एकच मागणी होती, आणि ती मागणी चांगदेवच्याच वयाची होती.

त्याचे वडील रेल्वेत गँगमन, खडवलीला. छप्पन साली दसऱ्याला नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेव्हा खडवलीच्या क्वार्टरांतली झाडून सगळी माणसं निघाली. मीराबाईचंही गाठोडं बांधून तयार होतं. आणि नेमकं तेव्हाच चांगदेवने जन्माला यायचं ठरवलं. नवरा गेला, परत आला, आणि नंतर आयुष्यभर त्याने तिथलं तिला सांगितलं. मैदान कसं पांढरंशुभ्र दिसत होतं, लोक कसे पायी पायी येत होते, बाबासाहेबांचा आवाज कसा कानात घुमत होता. मीराबाईने ते इतकं ऐकलं, की तिला ते पाठच झालं. पण ती म्हणायची, "ऐकल्यालं ते ऐकल्यालंच. डोळ्यानं बघायचं राहिलं ते राहिलं."

म्हणून तिने मनाशी धरलं होतं, की निदान बोधगया बघायची. जिथं भगवंतांना पिंपळाखाली ज्ञान झालं, ती जागा. आणि जायचं ते चांगदेवबरोबर. विहारातले शिवरामकाका दरवर्षी थंडीत मंडळी घेऊन जायचे. ते म्हणायचे, "मीराबाई, तुम्ही चला हो, आम्ही सगळे आहोत ना सांभाळायला." ती नाही म्हणायची. "एकानं बघायचं आन् दुसऱ्याला सांगत बसायचं, असलं आता नको. ह्याच्यापायी ऱ्हायलंय, ह्याच्यासंगंच बघीन."

चांगदेवची ना कुठे होती? तो दरवर्षी हो म्हणायचा. आईवर त्याचा जीव होता, आणि बोधगयेचं ते देऊळ आपल्या कॅमेऱ्यातून बघावं अशी त्याला स्वतःलाही ओढ होती. जगाचे पडदे रंगवणाऱ्याला एकतरी खरी जागा बघावीशी वाटणारच. पण थंडी आली की शाळांचे ग्रुप फोटो. ते संपले की लगीनसराई. लगीनसराई आटोपते न आटोपते तोच कॉलेजच्या फॉर्मांचे पासपोर्ट फोटो. मग गणपती, मग दिवाळी, आणि दिवाळीला तर चाळीच्या चाळी नवे कपडे घालून दारात उभ्या. "आई, पुढल्या वर्षी नक्की," तो म्हणायचा.

"व्हय, व्हय," मीराबाई म्हणायची. "तवा तुझ्यापायी ऱ्हायलं, आताबी तुझ्यापायीच ऱ्हातंय. तुझा पायगुणच तसा." आणि हसायची. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसायची, त्यामुळे त्याला घाई वाटली नाही.

आणखी एक गोष्ट होती. शहरभराचे फोटो काढणाऱ्या या माणसाकडे आईचा धड एक फोटो नव्हता. ती पडद्यापुढे उभीच राहायची नाही. "बोधगयेला काढ," म्हणायची. "थितं काढ, मनसोक्त काढ." निवडणुकीच्या ओळखपत्रांची टूम निघाली तेव्हा सरकारी माणसाने शाळेत बसवून तिचा फोटो काढला, तेवढाच. त्यात ती इतकी घाबरलेली आणि काळीठिक्कर दिसत होती, की मंजुळाने ते कार्ड डब्याच्या तळाशी ठेवून दिलं.

मग एका उन्हाळ्यात मीराबाईला विहाराच्या पायऱ्या चढताना धाप लागली आणि ती मधल्याच पायरीवर बसली. डॉक्टरांनी तपासलं, कागदाच्या पट्ट्या काढल्या, आणि चांगदेवला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय थकलंय. घरातल्या घरात फिरू द्या, पण लांबचा प्रवास विसरा.

तो स्टुडिओत आला आणि दिवे न लावता स्टुलावर बसून राहिला. बाहेर नवरा-नवरी येऊन उभे होते, त्यांच्यामागे वऱ्हाड. त्याने त्यांचे फोटो काढले. हनुवटी वर, खांदा तिरका, सगळं नेहमीसारखं म्हणाला. पण त्याला आतून इतकी लाज वाटत होती, की त्या नवऱ्यामुलाच्या आईकडे त्याला बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुपारी दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. ऐन लगीनसराईत. कोऱ्या कापडाला खळ लावली, चौकटीवर ताणलं, विहारातून बोधगयेचं कॅलेंडर मागून आणलं आणि रंग कालवायला बसला. मंजुळाने जेवायला हाका मारल्या तरी उठेना. आयुष्यात त्याने इतकं मन लावून काही केलं नव्हतं. देवळाचा एकेक थर, एकेक कोनाडा, वरचा निमुळता होत गेलेला भाग, सगळं त्याने बारीक कुंचल्याने उठवलं. कॅलेंडरातलं चित्र देवळाच्या दर्शनी बाजूचं होतं, त्यात बोधिवृक्ष काही नीट दिसत नव्हता. मागे कुठेतरी हिरवं-हिरवं होतं इतकंच. पण पिंपळाशिवाय कसली बोधगया? चांगदेवने पिंपळ सरळ देवळाच्या पुढ्यात आणला, डाव्या अंगाला, आणि मोठा केला.

मंजुळा चहा घेऊन आली, पडद्याकडे बघत उभी राहिली. मंजुळा फार बोलणारी नव्हे, पण बोलली तर लागेल असं बोलायची. म्हणाली, "फारच छान झालंय. पण अहो, जेवढ्या दुपारी दुकान बंद ठेवलंत, तेवढ्या दिवसांत मागेच गया होऊन आली असती की."

चांगदेवचा कुंचला तिथल्या तिथे थांबला. ते खरं होतं. चहा निवून गेला.

वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी मीराबाई स्टुडिओत आली. पांढरं लुगडं नेसून, मंजुळाचा हात धरून, घरापासून दुकानापर्यंतची ती चार पावलं दम खात खात. चपला तिने उंबऱ्याबाहेर काढल्या. स्टुडिओत कुणी चपला काढत नसे, पण तिने काढल्या. चांगदेवने दिवे लावले आणि दोरी सोडली.

पडदा उलगडत खाली आला. मीराबाईने वरपासून खालपर्यंत सगळं बघितलं. देऊळ बघितलं, कोनाडे बघितले. मग तिची नजर पिंपळावर आली आणि तिथंच थांबली. हळूहळू ती हसायला लागली.

"हा पिंपळ कुठला रे, चांगदेवा?"

"बोधगयेचा. बोधिवृक्ष आहे तो."

"आयशीला फसवतोस? हा आपल्या खडवलीचा पिंपळ. क्वार्टरांमागचा. ही खालची फांदी बघ की, हिला तुझी झोळी बांधायची मी, आन् लाइनीवर खडी टाकायला जायची."

चांगदेवने वळून पडद्याकडे बघितलं. खरंच की. ती वाकडी फांदी, तो बुंध्यातला खळगा, सगळं खडवलीचं होतं. मलंगगड उचलला तो जाणूनबुजून, मिठाच्या राशी उचलल्या त्या जाणूनबुजून. हा पिंपळ मात्र हातातून आपोआप उतरला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. "चुकलं गं," तो म्हणाला.

"चुकलं कुठं? बरं केलंस. वळखीचं झाड भेटलं." तिने पदर डोक्यावरून घेतला. "कुठं उभी ऱ्हाऊ?"

त्याने जागा दाखवली. ती तिथं गेली, आणि पडद्याकडे तोंड करून, हात जोडून उभी राहिली.

"आई, इकडं बघ. माझ्याकडे."

"आन् त्यांच्याकडं पाठ करू?"

हा विचार चांगदेवच्या मनालाच शिवला नव्हता. विहारातून बाहेर पडतानासुद्धा ती भगवंतांकडे पाठ करत नसे, उलट्या पावलांनी दारापर्यंत येई. पोरंटोरं त्यावरून तिची नक्कल करायची. "अगं, फोटोत सगळेच तसे उभे राहतात," तो म्हणाला. "ताजमहालाकडे पाठ, नायगाराकडे पाठ. त्याशिवाय तोंड कसं दिसणार?"

"त्यांना बघायचं नसंल. मला बघायचंय."

"आई, हा पडदा आहे गं."

"म्हाईत हाय. तूच रंगवलास, मला म्हाईत नसंल का? तरीबी पाठ नाय करणार." आणि मग जरा मऊ आवाजात, "काढ तू. पाठ काय दुसऱ्या कुणाची हाय? तुझ्या आयशीचीच हाय."

मंजुळा पदर तोंडाला लावून हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं. चांगदेवने कॅमेऱ्यावर मान घातली. काचेत आई दिसत होती, पाठमोरी, लहानखुरी, मान किंचित वर केलेली. आईचा चेहरा कधीतरी एकदा नीट मिळावा म्हणून त्याने इतकी वर्षं वाट बघितली होती, आणि मिळत होती ती पाठ. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हलू नकोस."

ती हलली नाही. खटका दाबून झाला, दिवे मालवले, तरी ती तशीच उभी होती. चांगदेवने हात धरून तिला स्टुलावर बसवलं तेव्हा म्हणाली, "झालं बघ माझं. आता तू तेवढा जाऊन ये." मंजुळाने चहा आणला आणि तिघांनी तिथंच, पडद्याखाली बसून घेतला.

पुढल्या थंडीत मीराबाई गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. माणसं जमली, आणि फोटोला हार घालायचा तर फोटो कुठला, असा प्रश्न आला. ओळखपत्रावरचा चेहरा चांगदेवने मोठा करून बघितला. डार्करूमच्या पाण्यात तो वर आला आणि चांगदेवलाच ओळखू येईना. त्याने तो फाडला. शेवटी भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि वडिलांच्या तसबिरींशेजारी पाठमोरा फोटो लागला. नातेवाईक कुजबुजले, असला कसला फोटो लावलाय, म्हातारीचं तोंडसुद्धा दिसत नाही. शिवरामकाका तेवढे फोटोपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "अगदी मीराबाई हो. विहारात माझ्यापुढे बसायच्या, मला त्या अशाच ठाऊक."

त्यानंतर चांगदेव पहिल्यासारखा राहिला नाही, असं नाही. बडबड होती, हनुवटी-खांदा होता. फक्त आता ताजमहालाकडे पाठ करून कुणी उभं राहिलं, की कॅमेऱ्यात बघता बघता त्याचं लक्ष क्षणभर उडायचं. आणि शिवरामकाका थंडीत मंडळींची नावं घ्यायला आले, की तो आत जाऊन बसायचा. "कुठल्या तोंडाने जाऊ, काका? जिच्यासाठी जायचं तिला नेलं नाही, आता एकट्याने जाऊन काय मिरवायचंय?"

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी मंजुळाने त्याला विचारलंच नाही. स्वतः विहारात गेली, दोघांची नावं देऊन आली आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'दुकान बंद राहील' असं लिहून तो दाराला बांधून मोकळी झाली. चांगदेव म्हणाला, "अगं, पण शाळांचे ग्रुप फोटो..." मंजुळा म्हणाली, "शाळा पुढल्या वर्षीपण असते. आईंनी तुम्हाला जाऊन यायला सांगितलंय. मी होते तिथं, मी ऐकलंय."

कल्याणहून गाडी सुटली, टिटवाळा मागे पडलं, आणि खडवली न थांबता निघून गेली. चांगदेव खिडकीला डोकं लावून बसला होता. जुन्या क्वार्टरांमागे पिंपळ अजून होता. इगतपुरी आली आणि गेली. तिच्या पुढचा मुलूख तो लहान मुलासारखा बघत राहिला.

बोधगयेला पोचल्यावर मात्र त्याचा फोटोग्राफर झाला. ऊन कुठून येतंय, देऊळ पुरतं बसायला किती मागे सरावं लागेल, यातच तो गुंतला. देऊळ त्याच्या पडद्यापेक्षा कितीतरी उंच होतं. पिंपळ पुढ्यात नव्हताच, देवळाच्या पाठीमागे होता. मोठमोठ्या फांद्यांना टेकू दिलेला, पसरलेला, म्हातारा. खडवलीच्या पिंपळाशी त्याचं काही जुळत नव्हतं. पानं मात्र तीच होती, वारा नसताना सळसळणारी. तो खाली जरा वेळ उभा राहिला, पण तेवढ्यात मंडळींनी हाका मारल्या, "चांगदेव, फोटो!"

सगळे पांढऱ्या कपड्यांत देवळापुढे रांगेत उभे राहिले. शिवरामकाका मध्यभागी. चांगदेवने एकेकाची हनुवटी वर केली, कुणाचा मफलर काढायला लावला, हलू नका म्हणाला, खटका दाबला. मग जोडीजोडीने काढले, मग एकेकट्याचे. सगळे खूश झाले आणि पांगले.

"आता तुम्ही उभे राहा," मंजुळा म्हणाली. "मी काढते."

"तुला कुठं येतं?"

"इतकी वर्षं बघतेय की. हेच बटण ना?"

त्याने तिला सगळं लावून दिलं, कुठे बघायचं, कुठे दाबायचं ते सांगितलं, आणि पुढे जाऊन उभा राहिला. देवळाकडे पाठ करून, हनुवटी वर, खांदा किंचित तिरका. जन्मभर हेच तर दुसऱ्यांना सांगत आला होता. समोर मंजुळा एक डोळा मिटून कॅमेऱ्याशी झगडत होती. आणि पाठीमागे ती जागा होती, जी आईला त्याच्याबरोबर बघायची होती. त्या जागेकडे पाठ करून आपण काय उभे आहोत, असं त्याच्या मनात आलं, आणि तो वळला.

"अहो, इकडं बघा ना!" मंजुळा ओरडली.

त्याने मान वळवली नाही. त्याने हात जोडले. सकाळपासून तो हे देऊळ कॅमेऱ्यातून बघत होता. आता पहिल्यांदा नुसतं बघितलं. आणि त्याला आईची फार आठवण आली. ती इथे असायला हवी होती. एका वर्षी, कुठल्याही एका वर्षी, चार ग्रुप फोटो सोडले असते तर ती इथे असती. हे आता कधीच होणार नव्हतं. भरल्या देवळासमोर तो रडायला लागला, आवाज न करता, पण खांदे काही त्याच्या ताब्यात राहिले नाहीत.

मंजुळाने ते बघितलं. ती पुढे आली नाही. तिने कॅमेरा नीट धरला आणि त्याच्याच आवाजात, खालच्या पट्टीत म्हणाली, "हलू नका."

पण तो हलला, आणि तेवढ्यात खटका दाबला गेला.

कल्याणला आल्यावर रोल धुतला. मंडळींचे फोटो छान आले होते. मंजुळाने काढलेला तेवढा पार वाकडा. देवळाचा कळस वर कापला गेलेला, खाली फरशीच फरशी, आणि मधे चांगदेव पाठमोरा, खांद्यांपाशी पुसट. "फाडून टाका तो," मंजुळा ओशाळून म्हणाली. "हललाय."

चांगदेवने तो मोठा करून चौकटीत बसवला. आईचा फोटो घरातल्या भिंतीवरून काढून आणला आणि दोन्ही स्टुडिओत समोरासमोर नव्हे, एकाच भिंतीवर लावले. आई उजवीकडे, तो डावीकडे. आईच्या फोटोत देऊळ रंगवलेलं होतं पण कळसासकट अख्खं, आणि पुढ्यात खडवलीचा पिंपळ.

पुढे कोलशेतची मालू आपल्या लेकीला घेऊन आली. मुलगी दहावीला, फॉर्मसाठी फोटो हवा होता. फणी फिरवता फिरवता तिने भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "काका, हे कोन?"

"ती माझी आई. आणि हा मी."

"दोघांचीबी तोंडं नाय दिसत." ती जवळ जाऊन बघू लागली. मुलगी चौकस होती, आपल्या आजीवर, शेवंतीवर गेलेली. "आजीचा मस्त आलाय. तुमचा हललाय, काका."

मालूने तिला चिमटा काढला. पण चांगदेवला राग आला नाही. तो फोटोपाशी आला, आणि बाहीने काचेवरची धूळ पुसली.

"हो," तो म्हणाला. "आई नाही हलली. मी हललो."

मग त्याने दिवे लावले, स्टूल पुढे ओढलं आणि दोरीला हात घालून विचारलं, "बोला, सीनरी लावू का साधा काढू?"